बर्कलीत, रूपकाच्या सात मात्रांवर

सॅन फ्रान्सिस्कोतील प्रेक्षणीय स्थळांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून ते सारे दिवस मी इथे वगळते. मला लिहायचे आहे ते खाडीपलीकडच्या बर्कलीत, सॅन पाब्लो अॅव्हेन्यूवर असलेल्या ‘आश्केनाझ’ या नृत्य-संगीत केंद्राविषयी. पूर्व युरोपातील ज्यूंच्या लाकडी प्रार्थनागृहांच्या धर्तीवर रचलेल्या या वास्तूत बाल्कन लोकनृत्ये, लुइझियानाचे झायडेको, रेगे आणि आफ्रिकी संगीत असे सगळेच गुण्यागोविंदाने नांदते.

आदल्याच दिवशी शहरातील एका प्रशस्त सभागृहात महागडे तिकीट काढून मी इतक्या मागे बसले होते की, समोर कलाकार असूनही पडद्यावरच पाहावे लागले. इथे मात्र मंचासमोर लाकडी नृत्यभूमी मोकळी सोडलेली होती. बसायची सोय बेताचीच. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मुख्य कार्यक्रमाआधी नवशिक्यांना पावले शिकवली जातात, त्यात शेजारच्या आजींनी न विचारताच माझा हात हातात घेतला. नृत्य होते मॅसेडोनियातील ‘लेस्नोतो’. पहिल्या तीन मात्रांना उजवे पाऊल, उरलेल्या चार मात्रांना डावे पाऊल त्यापुढून आडवे. क्लॅरिनेट सुरू झाले आणि लहानपणी तबल्याच्या वर्गात घोटलेला ठेका कानात आपोआप उमटला: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन-दोन-दोन अशी तीच विभागणी, तोच आपला सात मात्रांचा रूपक ताल! परक्या देशात, परक्या माणसांच्या साखळीत माझी पावले त्या क्षणापासून एकदाही अडखळली नाहीत, आणि माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मध्यंतरात आजींनी या जागेची हकिकत सांगितली. लोकनृत्याचे वेड असलेले कार्यकर्ते डेव्हिड नाडेल यांनी 1973 मध्ये ती सुरू केली. डिसेंबर 1996 मध्ये, गोंधळ घातल्याबद्दल बाहेर काढलेल्या एका माणसाने परत येऊन त्यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. मालक गेला की अशा जागेला बहुधा टाळे लागते. इथे मात्र नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांनीच पुढे येऊन ना-नफा संस्था उभारली, वास्तू विकत घेतली आणि कार्यक्रम पुन्हा सुरू केले. तिथली आपुलकी कुठून येते, हे मला तेव्हा उमगले. पाहुण्याला हात धरून फेरात ओढणारी माणसे ही जागा स्वतःची मानतात.

जाणाऱ्यांनी शिकवणीच्या वेळेलाच पोहोचावे. नुसती मैफल ऐकून परतणे म्हणजे पंगतीला जाऊन उपाशी राहणे. वयाची अट नसल्याने मुलांनाही न्यावे. बे एरियात मराठी माणसे कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणीतरी त्या लाकडी भूमीवर हलगीच्या तालावर लेझीम शिकवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिकायला त्या आजी नक्की येतील.