आमची वाटचाल : भाडेकरूने केलेले नुकसान आणि एजंटची जबाबदारी

आमच्या संस्थेची सुरुवात या व्यवसायातील बहुतेकांची होते तशीच झाली. रिकाम्या घरांची माहिती जमवायची, गरजूंना ती दाखवायची, मालक आणि भाडेकरू यांचे जमले की भाडेकरार करून द्यायचा आणि कमिशन घ्यायचे, इतकेच आमचे काम होते. चावी भाडेकरूच्या हाती पडली की आमचे काम संपले, असे आम्ही धरून चाललो होतो. घरमालकांना मात्र ते मान्य नव्हते. भाडेकरू घर सोडून गेल्यावर फुटलेले बेसिन, कपाटाचे निखळलेले दार किंवा काळवंडलेली भिंत दिसली की त्यांचा पहिला फोन आम्हाला येई आणि पहिला प्रश्नही ठरलेला असे : "भाडेकरू तुम्हीच आणला होता ना?" आमच्या कामाची आजची रचना या प्रश्नाला उत्तर देता देताच उभी राहिली.

हा प्रश्न अन्यायाचा वाटला, तरी तो का विचारला जातो हे समजण्यासारखे आहे. मालक बहुधा दुसरीकडे राहत असतो, भाडेकरूशी त्याची गाठ फार तर कराराच्या दिवशी पडलेली असते आणि नुकसान लक्षात येते तेव्हा भाडेकरू निघून गेलेला असतो. ज्याचे कार्यालय ठाऊक आहे आणि ज्याने पैसे घेतले आहेत, असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे एजंट. पण राग कोणावर निघतो आणि जबाबदारी कोणाची ठरते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत, वाजवी झीज आणि अटळ आपत्ती वगळून, परत करण्याचे बंधन भाडेपट्ट्याने घर घेणाऱ्यावर असते. भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 हेच सांगते आणि इतरत्रही तत्त्व फारसे वेगळे नाही. हे बंधन भाडेकरू आणि मालक यांच्यातले आहे. एजंट त्यात मध्यस्थ असतो, जामीन नसतो.

तथापि "आम्ही फक्त मध्यस्थ" असे म्हणून हात झटकणेही आम्हाला कधी पटले नाही, कारण कायदाही तसे करू देत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 212 नुसार प्रतिनिधीने आपल्या व्यवसायात सर्वसाधारणपणे अपेक्षित असलेले कौशल्य आणि वाजवी तत्परता दाखवली पाहिजे, आणि त्याच्या स्वतःच्या हयगयीचे, अकौशल्याचे किंवा गैरवर्तनाचे थेट परिणाम झाल्यास त्याची भरपाई दिली पाहिजे. अप्रत्यक्ष किंवा दूरच्या कारणाने झालेल्या नुकसानीला मात्र तो बांधील नाही. आमच्या सगळ्या वादांची मेख या "थेट" शब्दात आहे. भाडेकरूचे उत्पन्न आणि ओळख न पडताळता त्याला घरात बसवणे, ठरलेली पाहणी न करणे किंवा गळतीचा निरोप मालकापर्यंत न पोहोचवणे ही एजंटची हयगय झाली. सगळी पडताळणी नीट होऊनही एखाद्या भाडेकरूने रागाच्या भरात दारावर लाथ मारली, तर ते दार एजंटच्या माथी मारता येत नाही.

एका प्रकरणात हा फरक फार स्पष्ट दिसला. स्वयंपाकघरातील सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला होता, सनमायका कडेने उचकटला होता आणि मागच्या फळीवर बुरशी धरली होती. मालकाने संपूर्ण कपाटाचा खर्च आमच्याकडे मागितला. आम्ही कपाटात बॅटरी मारून पाहिले, तेव्हा पाइपच्या पितळी नटाभोवती क्षारांचा पांढरट-हिरवा थर जाडसर साचलेला होता. असा थर एका दिवसात येत नाही. थेंब थेंब गळती बराच काळ चालू असल्याची ती खूण असते. घराचा ताबा देताना कपाटाची दारे उघडी ठेवून काढलेल्या छायाचित्रांत हाच सांधा कोरडा होता. मधल्या काळात भाडेकरूने गळती कळवली होती, आम्ही ती त्याच दिवशी प्लंबरच्या खर्चाच्या अंदाजासह मालकाला पाठवली होती आणि मालकाचे उत्तर "पुढच्या महिन्यात बघू" असे होते. सगळा पत्रव्यवहार समोर ठेवल्यावर मालकाने भरपाईचा आग्रह सोडला, आणि काही दिवसांनी आपले घरही आमच्याकडून काढून घेतले. असे व्हायचेच. कागद खरे ठरवतो, नाते टिकवत नाही.

अशा अनुभवांतून आम्ही पहिला मोठा बदल करारात केला. भाडेकरू शोधून देणे आणि घराची देखभाल पाहणे या दोन सेवा आम्ही वेगळ्या केल्या. प्रत्येकीचा मसुदा वेगळा आणि शुल्कही वेगळे. पहिल्या सेवेत पडताळणी, करार आणि ताबा देतानाची नोंद येथवर आमची जबाबदारी असते, पुढे घर मालकाचे. दुसऱ्या सेवेत आम्ही ठराविक काळाने पाहणी करतो, दुरुस्तीचे निरोप घेतो आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचे काम मालकाला न विचारता करून घेतो. पूर्वी बरेच मालक पहिल्या सेवेचे पैसे देऊन दुसऱ्या सेवेची अपेक्षा करीत आणि दोष कोणाचाच नसे, कारण तसे कोठेही लिहिलेले नसे. आता पाहणीची सेवा नको असेल तर मालक तसे सही करून कळवतो.

पाहणीच्या मर्यादाही आम्ही लिहून ठेवतो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. भाड्याने दिलेले घर भाडेकरूचे राहते घर असते, त्यामुळे आधी कळवल्याशिवाय आणि सोयीची वेळ ठरवल्याशिवाय आम्ही आत जात नाही. "तुमच्याकडे चावी आहे ना, जाऊन बघून या" असे सांगणाऱ्या मालकांना आम्ही नम्रपणे नकार देतो. पाहणी डोळ्यांनी होते. कपाटे सरकवून किंवा फरशी उचकटून ती होत नाही, म्हणून भिंतीआडची गळती तिच्यात सापडेलच असे नाही. छताचा डाग, खिडकीच्या चौकटीवरील ओल, न्हाणीघराच्या जाळीत तुंबलेले पाणी, बंद ठेवलेला पंखा आणि त्यामुळे वाढलेली बुरशी, एवढे मात्र सजग माणसाच्या नजरेतून सुटता कामा नये.

सर्वांत अधिक मेहनत आम्ही ताब्याच्या नोंदीवर घेतली. आमच्या नोंदीत "स्थिती चांगली" हे शब्द वापरायला बंदी आहे, कारण वादाच्या वेळी त्यांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. त्याऐवजी "दिवाणखान्याची खिडकीकडील भिंत : रंग एकसंध, डाव्या वरच्या कोपऱ्यात खिळ्यांची दोन भोके, डाग नाही" असे लिहिले जाते. प्रत्येक खोलीचे एक दुरून आणि दोषांचे एकेक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून, छायाचित्र घेतले जाते. नळ सोडून पाहिले जातात, मीटरचे आकडे आणि चाव्यांची संख्या लिहिली जाते. ही नोंद भाडेकरूकडे देऊन त्याला काही दिवस हरकती नोंदवायला मुभा असते. हरकती म्हणजे कटकट असे आमच्या कर्मचाऱ्यांना आधी वाटे, पण भाडेकरूने स्वतःच्या हाताने लिहून सही केलेल्या नोंदीइतका भक्कम पुरावा नंतर दुसरा मिळत नाही.

झीज आणि नुकसान यांतला हिशेब हा आणखी एक तापदायक विषय आहे. एखाद्या खोलीचा रंग पाच वर्षे टिकावा अशी वाजवी अपेक्षा असेल आणि भाडेकरू तीन वर्षे राहून भिंतीवर खोल ओरखडे सोडून गेला, तर मालकाला साधारण उरलेल्या दोन वर्षांचा, म्हणजे पाचांतील दोन हिश्श्यांचा खर्च मागता येतो, संपूर्ण रंगकामाचा नाही. अन्यथा जुन्याच्या बदल्यात त्याला नवे मिळेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये 6 एप्रिल 2007 पासून ठरावीक प्रकारच्या निवासी भाडेकरारांतील अनामत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित ठेवावी लागते आणि वाद झाल्यास तटस्थ निवाडा करणारा कागदपत्रे पाहून साधारण याच पद्धतीने आकडा ठरवतो. कपात का करायची हे तेथे मालकाला सिद्ध करावे लागते. कायद्याने सक्ती असो वा नसो, आम्ही हिशेबाची ही रीत उचलली. अनामत आमच्याकडे असेल तेव्हा ती वेगळ्या खात्यात राहते आणि केवळ मालकाने सांगितले म्हणून कापली जात नाही. यामुळे आमची काही घरे गेली, हेही खरे.

नुकसान झाल्यास भरपाई आम्ही देऊ, अशी हमी काही व्यावसायिक देतात. आम्ही ती देत नाही. अशी हमी देणारा एजंट राहत नाही, विमा उतरवणारा होतो, आणि कमिशनच्या रकमेत तेवढा धोका पेलण्याची ताकद नसते. भाडेकरूकडून अपघाताने किंवा हेतुपुरस्सर होणाऱ्या नुकसानीचा विमा मालकाने स्वतः, अटी नीट वाचून घ्यावा असे आम्ही सुचवतो, कारण घराच्या साध्या विम्यात या दोन्ही गोष्टी नेहमी येतातच असे नाही. आमचा व्यावसायिक दायित्वाचा विमा आमच्या हयगयीपुरता आहे, भाडेकरूच्या वर्तनापुरता नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही मालकाचा तो जुना प्रश्न पूर्णपणे मान्य करतो. एक भाडेकरू गेला आहे, दुसरा यायचा आहे आणि चावी आमच्या कपाटात आहे, अशा काळात घर दाखवायला नेलेल्यांनी नळ उघडा टाकला, खिडकी वाऱ्यावर सोडली किंवा चावी हरवली, तर बोट दाखवायला तिसरा कोणी नसतो. त्यासाठी चावी कोणी, किती वाजता नेली आणि परत आणली याची वही ठेवली जाते, घर दाखवून निघताना मुख्य नळ आणि खिडक्या पाहिल्याची खूण त्याच वहीत करावी लागते, आणि चावी आमच्या ताब्यात असतानाच्या अशा नुकसानीची भरपाई संस्था देईल असे कलम आमच्या दोन्ही मसुद्यांत घातलेले आहे.