पाव मापाचं पायपर कब: बांधणीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

रिमोटनं उडवायचं मोठं मॉडेल विमान हवेत लहान मॉडेलपेक्षा शांत असतं, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. ते खरंच आहे. पण हवेतला तो शांतपणा जमिनीवर, टेबलापाशी बसून कमवावा लागतो. माझी चौदा महिन्यांतली बहुतेक संध्याकाळ त्यातच गेली आणि त्याबद्दलच लिहावंसं वाटतंय.

विमान कोणतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. पायपर जे-३ कब. पिवळं, उंच पंखांचं, शेपटीला छोटं चाक असलेलं. खरं कब १९३८ ते १९४७ या काळात जवळपास वीस हजारांच्या संख्येनं तयार झालं आणि एका अख्ख्या पिढीनं त्यावर उडायला शिकून घेतलं. त्याच्या पंखांची लांबी १०.७४ मीटर. पाव मापात ती २ मीटर ६९ सेंटिमीटर होते आणि धड साधारण १ मीटर ७० सेंटिमीटरचं.

नकाशा भिंतीवर लावल्यावर पहिल्यांदा वजनाचं गणित केलं. लांबी एक चतुर्थांश झाली की पंखांचं क्षेत्रफळ सोळावा भाग होतं आणि वजन चौसष्टावा. खरं कब रिकामं असताना साधारण ३४७ किलोचं आणि पूर्ण भरल्यावर ५५३ किलोचं. दोन्ही आकड्यांना ६४ नं भागलं की ५.४ आणि ८.६ किलो येतात. म्हणजे माझं मॉडेल या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसलं पाहिजे. मी सात किलो ठरवले. शेवटी ७.४ झाले. ते चारशे ग्रॅम कुठे वाढले, हे मला आज नेमकं सांगता येतं, कारण पहिल्या दिवसापासून प्रत्येक भाग वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहिला होता.

बाल्सा लाकूड निवडताना या सवयीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. एकाच मापाच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात. काट्यावर मात्र एक ३२ ग्रॅम भरली आणि दुसरी ६० ग्रॅम. सगळ्या पट्ट्या वजनाप्रमाणे लावून घेतल्या. हलक्या पट्ट्या शेपटीसाठी, मधल्या वजनाच्या पंखांच्या रिबसाठी, म्हणजे आतल्या आडव्या फासळ्यांसाठी, आणि जड, कडक पट्ट्या धडाच्या पुढच्या भागासाठी.

शेपटीवरून मात्र मी एकदा चांगलाच चुकलो. कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. माझ्या मॉडेलमध्ये इंजिन गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या, पुढे साधारण ३५ सेंटिमीटरवर आणि शेपूट मागे एक मीटरहून जास्त अंतरावर. म्हणजे मागे एक ग्रॅम वाढला की तोल सांभाळायला पुढे तीन ग्रॅम लागतात. हे कागदावर माहीत असूनही मी आडवी आणि उभी शेपूट सपाट बाल्सातून भरीव कापली, कारण ते लवकर होत होतं. घासून पूर्ण झाल्यावर वजन केलं, ४१० ग्रॅम. दोन दिवस ती तशीच टेबलावर पडून होती. मग बाजूला ठेवून दिली आणि पट्ट्यांची चौकट करून नवी बांधली. ती २६० ग्रॅमची झाली. दीडशे ग्रॅम मागे वाचले म्हणजे नाकातलं साडेचारशे ग्रॅम शिसं वाचलं. त्या कामात तीन आठवडे गेले आणि पूर्ण बांधणीत मला सगळ्यात जास्त समाधान त्याच तीन आठवड्यांचं आहे.

पंख दोन भागांत केले. एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलं, ती म्हणजे टोकाकडचा पीळ. दोन्ही टोकांना मागची कड दहा मिलिमीटर वर उचलून पंख बांधले. त्यामुळे विमान हळू झालं की पंख आधी धडाजवळ स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, टोकाकडे अजून हवा धरलेली असते आणि विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या टोकाजवळच्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, काम करत राहतात. दोन्हीकडचा पीळ सारखा हवा. कापड ताणून इस्त्री केल्यावर उजवा पंख तीन मिलिमीटरनं सरकला होता, तो पुन्हा गरम करून, हातानं धरून थंड होईपर्यंत थांबून सरळ केला. पंखांखालचे तिरके दांडे शोभेचे ठेवायचे नाहीत हेही आधीच ठरवलं होतं. खऱ्या कबप्रमाणे माझ्या मॉडेलमध्येही ते भार घेतात, म्हणून त्यांचे बोल्ट आणि धातूच्या पट्ट्या मी प्रत्येक वेळी हात लावून बघतो.

इंजिन ३५ सीसीचं, टू-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं. एक लिटर पेट्रोलला ३० मिली ऑइल. प्रॉपेलर २० इंच व्यासाचा. तो मिनिटाला सात हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर जातो. हा आकडा मी एकदा स्वतः काढला आणि त्यानंतर इंजिन चालू असताना प्रॉपेलरच्या पुढे किंवा बाजूच्या रेषेत कधीही उभा राहिलो नाही. कार्ब्युरेटरची सुई पिळायची तर मागून. विमान धरायला दुसरा माणूस नसेल तर इंजिन सुरूच करायचं नाही.

पेट्रोल इंजिनची थरथर हा वेगळाच विषय आहे. फायरवॉल, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती नाकातली भिंत, सहा मिलिमीटर बर्च प्लायची, तीस मिनिटांच्या इपॉक्सीनं चिकटवलेली, आडव्या लाकडी खुंट्या ठोकलेली आणि आतून कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या लावलेली. प्रत्येक धातूच्या बोल्टला थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद. एवढं करूनही काहीतरी सैल होतंच.

सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमानं भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, सहा लावले. एलेरॉनला दोन, रडरला (उभ्या शेपटीचा हलता भाग) एक, थ्रॉटलला (इंजिनचा वेग कमी-जास्त करणारा) एक आणि एलिव्हेटरच्या (आडव्या शेपटीचा हलता भाग) दोन भागांना स्वतंत्र दोन. एक बंद पडला तरी दुसऱ्या अर्ध्या एलिव्हेटरवर विमान खाली आणता यावं म्हणून. रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरला ६.६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, दोन स्विच. इंजिनला ठिणगी देणाऱ्या इग्निशनची बॅटरी पूर्ण वेगळी.

सगळं जोडून झाल्यावर, उडवायच्या महिनाभर आधी, काका घरी आले. ते आमच्या मैदानावरचे सगळ्यात जुने उडवणारे. त्यांनी विमानाचं रूपरंग पाहिलंच नाही. थेट एलिव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरली आणि वर-खाली हलवली. सर्व्हो चालू होता, तरी कड चार मिलिमीटर हलली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"थोडा प्ले आहे, काका."

"लहान विमानात थोडा असतो. इथे तो फडफडायला लागेल आणि तुला कळायच्या आत शेपूट सुटेल. आधी हा घालव."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वेग वाढला की सैल पृष्ठभाग हवेत थरथरू लागतो, थरथर स्वतःलाच वाढवत नेते आणि बिजागरी किंवा सर्व्होचे दाते एका क्षणात जातात. मी पाठीमागचा माग काढत गेलो. सर्व्हो चांगला होता. एलिव्हेटरवरच्या हॉर्नचं, म्हणजे सर्व्होकडून येणारा दांडा जिथे अडकतो त्या तुकड्याचं, भोक दांड्याच्या पिनेपेक्षा मोठं पडलं होतं आणि लांब तारेचा दांडा दाब आला की मधे वाकत होता. भोकं बरोब्बर मापाची केली, दांडा कार्बन नळीचा केला, बिजागरीची फट पट्टीनं बंद केली. चार मिलिमीटरचा प्ले अर्ध्यावर नाही, जवळजवळ शून्यावर आला. मग तेच रडरला आणि एलेरॉनला केलं.

तोल साधताना टाकी रिकामी ठेवली. पंखाची रुंदी ४० सेंटिमीटर, मी पुढच्या कडेपासून १०५ मिलिमीटरवर तोलाची खूण केली. पहिल्या उड्डाणाला नाक जरा जड असलेलं बरं. नाक जड असलं तर विमान नीट उडत नाही, पण शेपूट जड असली तर ते हातातच राहत नाही. सगळ्या बॅटऱ्या फायरवॉलपाशी नेऊनही ३८० ग्रॅम शिसं लागलं.

मग आला तो दिवस. सकाळ, वारा जवळजवळ नाही, मैदान मोकळं. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, कमी ताकदीच्या मोडवर टाकून मी रेंज तपासायला चालत निघालो. इंजिन बंद असताना तीस पावलांवर सगळं ठीक. इंजिन सुरू करून पुन्हा चाललो. अठराव्या पावलाला काकांनी हात वर केला. एलिव्हेटर आपोआप थरकत होता.

पुन्हा केलं. वीस पावलं. पुन्हा तेच.

तिथे सहा-सात जण खास बघायला आले होते. कुणीतरी म्हणालं, पूर्ण ताकदीवर काही होत नाही, उडव. मी काकांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पंखाचा बोल्ट सोडायला लागले. मी दुसरा सोडला. विमान गाडीत परत गेलं. चौदा महिन्यांनंतर न उडवता परत येणं जड गेलं, ते लपवत नाही. पण आज कुणी विचारलं की या सगळ्यात तू सगळ्यात चांगला निर्णय कोणता घेतलास, तर मी हाच सांगेन.

कारण दोन दिवसांनी सापडलं. स्पार्क प्लगची टोपी शेवटपर्यंत दाबून बसलेली नव्हती. इग्निशनच्या वायरवरचं धातूचं जाळीदार कवच प्लगच्या बुडाला नीट टेकत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक ठिणगीचा गोंगाट बाहेर फुटत होता. त्यात रिसीव्हर मी इग्निशनपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर ठेवला होता. टोपी आवाज येईपर्यंत दाबली, रिसीव्हर पंखाच्या मागे नेला. पुढच्या वेळी इंजिन चालू ठेवून पस्तीस पावलं गेलो, काहीही हललं नाही. फेलसेफही तपासला. ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल मंद झाला पाहिजे, तो झाला.

त्याच सकाळी जमिनीवर फिरवून बघितलं. शेपटीचं चाक जमिनीला चिकटून राहावं म्हणून एलिव्हेटर पूर्ण वर धरून टॅक्सी करायची. थ्रॉटल वाढवला की नाक डावीकडे ओढलं जातं, तिथे उजवा रडर द्यायचा. दहा-बारा फेऱ्यांनी अंगठ्याला ते समजलं.

मग काकांनी शेवटची एक गोष्ट मोठ्यानं करायला लावली. उजवीकडे काठी, उजवा एलेरॉन वर. डावीकडे काठी, डावा वर. एलिव्हेटर, रडर. प्रत्येक वेळी बघून, बोलून. उलटे लागलेले एलेरॉन घेऊन उडालेली विमानं त्यांनी पाहिलेली आहेत.

थ्रॉटल सावकाश वर नेला. शेपूट उचलली गेली, उजवा रडर दिला आणि अर्ध्या थ्रॉटलच्या जरा पुढेच चाकं जमिनीवरून सुटली. मी एलिव्हेटर ओढला नव्हता, विमान स्वतःहून सुटलं. साडेसात किलोचं विमान चढताना इतकं सावकाश आणि इतकं भरीव दिसतं की लहान विमानांच्या सवयीनं मला ते थांबल्यासारखं वाटलं. काका शेजारून म्हणाले, "वेग आहे, नाक खाली ठेव."

पहिल्या वळणाला मात्र दचकलो. डावीकडे एलेरॉन दिला, विमान डावीकडे कललं आणि नाक उजवीकडे गेलं. कबचा हा स्वभाव वाचलेला होता. खाली गेलेला एलेरॉन वर गेलेल्यापेक्षा हवेत जास्त अडतो आणि त्या बाजूचा पंख मागे ओढतो. वाचणं वेगळं, आपलं विमान आपल्या डोळ्यांदेखत तिरकं सरकताना बघणं वेगळं. डाव्या अंगठ्यानं रडर दिला, नाक वळणात आलं. पुढचं प्रत्येक वळण रडरनं सुरू केलं आणि एलेरॉन मागून दिला.

काठी सोडल्यावरही विमान सरळ राहावं म्हणून एलिव्हेटरला तीन टिचक्या खाली ट्रिम लागला, एलेरॉनला एक उजवा. शंभर मीटर उंचीवर इंजिन मंद करून नाक वर धरून ठेवलं. विमान हळू होत होत जवळजवळ लटकलं, मग नाक सरळ खाली आलं. कुठलाच पंख एका बाजूला खाली गेला नाही. उचललेल्या त्या दहा मिलिमीटरचा मोबदला तिथे मिळाला.

उतरताना पहिल्या वेळी जास्त वेगात आलो, चाकं टेकली आणि ते उसळलं. थ्रॉटल देऊन पुन्हा वर गेलो. दुसऱ्या वेळी लांबून, मंद इंजिनवर, रडरनं सरळ धरत आणलं. जमिनीपासून हातभर उंचीवर एलिव्हेटर ओढत गेलो, ओढत गेलो आणि तिन्ही चाकं एकदम टेकली. सात मिनिटं झाली होती. इंजिन बंद केल्यावर काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच सायलेन्सरचा बोल्ट बोटांनी तपासला. अर्धा फेरा सैल झालेला.

पुढच्या तीन उड्डाणांत एलेरॉनची हालचाल बदलली. वर २८ मिलिमीटर, खाली फक्त १२. नाक उलट जाणं निम्म्याहून कमी झालं. रडर एलेरॉनला ट्रान्समीटरमध्येच जोडून टाकता आला असता, मी मुद्दाम जोडला नाही. ते काम अंगठ्यानं करण्यातच कबची गंमत आहे.

पाचव्या उड्डाणाला तोल तपासला. सरळ ट्रिम करून उंचीवरून साधारण ४५ अंशात नाक खाली घातलं आणि एलिव्हेटर सोडून दिला. विमान जोरानं वर उचललं गेलं. नाक अजून जड होतं. खाली आणून ९० ग्रॅम शिसं काढलं, खूण १०९ मिलिमीटरवर सरकली. सहाव्या उड्डाणाला तीच कसोटी पुन्हा घेतली. विमान काही क्षण त्याच उतारावर राहिलं आणि मग अगदी सावकाश नाक वर करू लागलं. वहीत तारीख आणि आकडा लिहिला आणि काढलेलं शिसं डब्यात परत टाकलं.