उंदराच्या ऊतींतलं एसीई मोजताना: माझा अनुभव

एसएचआर हा १९६३ मध्ये क्योटोत ओकामोटो आणि आओकी यांनी पैदा केलेला, वयाबरोबर आपोआप रक्तदाब चढणारा उंदीर. त्याच्या ऊतींतलं एसीई, म्हणजे रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन-२ तयार करणारं एन्झाइम, मोजायला मी कुशमन आणि च्युंग यांची १९७१ ची पद्धत वापरते. एसीईने हिप्पुरिल-हिस्टिडिल-ल्युसिन हे सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) तोडलं की हिप्पुरिक आम्ल सुटतं. ते २२८ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतं ते वाचायचं.

पण आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याआधीच, ऊती काढताना. रक्तातही एसीई असतं, म्हणून पूर्ण भूल दिलेल्या उंदराच्या डाव्या निलयातून थंड सलाईन सोडते, उजवं अलिंद कापून रक्ताला वाट करून देते. यकृत फिकट पडलं की मूत्रपिंड धुतलं गेलं समजावं. फुप्फुस मात्र यात धुतलं जात नाही! त्याला उजव्या निलयातून वेगळं सलाईन द्यावंच लागतं.

ऊती लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. एसीई पेशीपटलाला चिकटलेलं असतं, त्यामुळे वाटताना बफरमध्ये ०.३ टक्के ट्रायटन (पटल विरघळवणारं डिटर्जंट) घालते. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) अजिबात नको, ते एन्झाइममधलं झिंक ओढून घेतं. प्रोटिएज इनहिबिटरच्या (नमुन्यातली प्रथिनं तुटू न देणाऱ्या) गोळीतही ईडीटीए असू शकतं, तेव्हा डबीवरचं लेबल वाचा. प्रथिनं मोजायची ब्रॅडफर्ड पद्धत ट्रायटनमुळे चुकते, म्हणून ती बीसीए या दुसऱ्या पद्धतीने मोजते.

एका नळीत ०.२५ मिली: फॉस्फेट बफर पीएच ८.३, हिप्पुरिल-हिस्टिडिल-ल्युसिन ५ मिलिमोलर, मीठ ३०० मिलिमोलर. क्लोराइडशिवाय एन्झाइम नीट चालत नाही. ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.२५ मिली. १.५ मिली इथाइल अॅसिटेट घालून ढवळायचं, वरच्या थरातला १ मिली घेऊन पूर्ण सुकवायचा आणि पाण्यात विरघळवायचा. इथे घाई नडते: इथाइल अॅसिटेट स्वतःच २२८ वर प्रकाश शोषतं, नळीत जरा ओल राहिली की वाचन फुगतं. हिप्पुरिक आम्लाचे माहीत मात्रेचे प्रमाण-नमुनेही याच सगळ्या पायऱ्यांतून नेते, म्हणजे निष्कर्षणातली तूट हिशेबात येते.

फुप्फुसात एसीई इतकं असतं की न पातळ केलेल्या नमुन्यात सबस्ट्रेट संपतं आणि एसएचआर व डब्ल्यूकेवाय (तुलनेसाठीचे सामान्य रक्तदाबाचे उंदीर) सारखेच दिसतात. नमुना निम्मा केल्यावर वाचन निम्मं झालं नाही, तर अजून पातळ करा. हृदयात उलट, वाचन जेमतेम. तिथे प्रत्येक नमुन्याची कॅप्टोप्रिल (एसीई बंद पाडणारं औषध) घातलेली जोडनळी हवीच आणि तिचं वाचन वजा करायचं. कॅप्टोप्रिल त्याच दिवशी विरघळवलेलं घ्या, द्रावणात ते ऑक्सिडाइझ होतं.