कारणाचा रकाना

आमच्या लॉगबुकात सात रकाने आहेत. वेळ, नाल्याची पातळी, समुद्राची पातळी, चालू पंप, अँपिअर, गेट उघडं की बंद, आणि शेवटी कारण. पंप थांबला तर का थांबला, ते एका ओळीत लिहायचं. 26 मे 2025 च्या पानावर त्या शेवटच्या रकान्यात मी एक ओळ लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी ती खोडायला सांगणारा फोन आला.

मी पावसाचं पाणी उपसणाऱ्या उदंचन केंद्रावर दुय्यम अभियंता आहे. लोक नुसतं 'पंपिंग' म्हणतात. केंद्र कुठलं ते लिहीत नाही. आमचं काम समजायचं तर मुंबईची जमीन माहीत हवी. या शहरातलं पावसाचं पाणी 186 पातमुखांतून, म्हणजे नाल्यांच्या शेवटच्या तोंडांतून, समुद्राला आणि खाडीला मिळतं. त्यांतली 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, आणखी 135 भरतीच्या पातळीखाली. म्हणजे मोठी भरती आली की मोकळी वाहणारी उरतात फक्त सहा. बाकी ठिकाणी समुद्रच आत शिरायला बघतो. अशा वेळी आम्ही गेट पाडतो, समुद्र बाहेर अडवतो आणि नाल्यात साठलेलं पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकतो. आमचा एक पंप सेकंदाला 6000 लिटर पाणी फेकतो. दहा हजार लिटरचा टँकर दोन सेकंदांत. पंप भरून चालला की जमीन पायाखाली घुमते, आणि त्या घुमण्यात काही बिघडलं की मीटरकडे बघायच्या आधी तळपायांना कळतं.

त्या दिवशी सोमवार होता, सोमवती अमावास्या. वैशाख संपला नव्हता. माझे वडील संगमेश्वरकडचे. रोहिणीत धूळवाफेवर भात पेरायचा आणि मृगाची वाट बघायची, हे ऐकत मी मोठी झाले. त्या वर्षी रोहिणी लागून एक दिवस झाला होता आणि मान्सून मुंबईत पोचलाही. नेहमीची तारीख 11 जून, म्हणजे 16 दिवस आधी. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा 1918 सालापासूनचा विक्रम मोडला. नरिमन पॉइंटला सकाळी एका तासात 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. शहराची गटारं मुळात ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, ती वाढवून 50 पर्यंत न्यायचं काम इतकी वर्षं चालू आहे.

सातला मी पोचले तेव्हा सहापैकी दोन पंप उघडे होते. मोटर उतरवलेली, शाफ्ट ताडपत्रीवर आडवा. मान्सूनपूर्व दुरुस्ती 31 मेपर्यंत संपवायची असते, त्या हिशोबाने ठेकेदार वेळेत होता. खरी अडचण जाळीची होती. नाल्याचं पाणी पंपाकडे येण्याआधी लोखंडी जाळीतून जातं. तिच्यावर सगळा तरंगता कचरा अडकतो आणि तो सतत ओढून काढावा लागतो. त्यासाठी बारा माणसं असतात. त्यांचा ठेका 1 जूनला सुरू होणार होता. हवामान खात्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यातच यंदा मान्सून केरळात लवकर येईल असं सांगितलं होतं. तेव्हा मी पत्र दिलं होतं की जाळीची माणसं लवकर द्या. निविदेत तारीख 1 जून आहे, असं उत्तर आलं.

तर त्या सकाळी जाळीवर तिघं होते. मुकादमकाका आणि दोन पोरं.

नऊच्या सुमाराला आम्ही गेट पाडलं. अमावास्येचं उधाण, साडेअकराच्या आसपास भरती. चारही पंप लावले. आणि जाळीवर शहर यायला लागलं. दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्य, नारळ, चपला, कोणाची तरी अख्खी गादी. गादी पाण्याने इतकी जड झालेली की तिघांनी दाताळी घालून ओढली तरी हलेना. शेवटी काकांनी विळ्याने ती जागच्या जागी फाडली आणि कापूस ओंजळी ओंजळी करून बाहेर काढला. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्वीच एका जाळीत चेपून वाकडी झालेली आहेत. त्या हातानेच ते कापूस काढत होते आणि मला ओरडून सांगत होते, "मॅडम, तुम्ही मीटर बघा, जाळी आम्ही बघतो!"

पंपिंगबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सहसा खरी वाटत नाही. जाळी तुंबली की बाहेर रस्ता बुडत असतो आणि आत पंप कोरडा पडतो. पाणी जाळीपलीकडे अडून राहतं, आतल्या विहिरीतली पातळी झरझर खाली जाते, पंप हवा ओढायला लागतो आणि स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. म्हणून सगळ्या यंत्रांइतकीच दाताळं धरलेली ती सहा मनगटंही मोलाची असतात.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला, पाहणी दौरा येतोय. एक मोठे नेते, सोबत अधिकारी, कॅमेरे. काही मिनिटांतच दौऱ्याची तयारी करणारी माणसं हजर झाली. त्यांना जाळीजवळचा फलाट मोकळा हवा होता. काढलेल्या कचऱ्याचा कमरेइतका ढीग तिथे पडला होता, त्यातून काळं पाणी झिरपत होतं. तो एका बाजूला सारा, पोरांना जॅकेट घालून मागे उभं करा, ओढणं तेवढ्यापुरतं थांबवा, कोणी घसरून पडेल. मी म्हटलं, "आता थांबवता येणार नाही." मग माझ्या वरच्यांचा फोन आला. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे, करा."

मी हो म्हटलं. माझ्या तोंडून गेलेला तो होकार मला अजून टोचतो.

10.50 ला दाताळी थांबली. 10.58 ला पायाखालचं घुमणं बदललं. तीन नंबर ट्रिप.

नेते तेव्हा माझ्यासमोरच होते. माणूस म्हणून मला ते वाईट वाटले नाहीत. अर्धे भिजलेले होते, रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी विचारलं, "पाणी किती वेळात उतरेल?" मी म्हटलं, "साहेब, भरती उतरायला लागली की." त्यांनी मान डोलावली आणि कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाले की मे महिन्यात असा पाऊस कोणी पाहिला नव्हता, निसर्गापुढे कोणाचं काय चालतं.

11.01 ला निघाले. काका आणि पोरं अक्षरशः जाळीवर पडली. पंप पुन्हा लागला 11.18 ला. वीस मिनिटं. सेकंदाला 6000 लिटरने 72 लाख लिटर. हे पाणी आम्ही समुद्रात टाकू शकलो असतो, ते वस्तीकडे राहिलं.

त्याच वीस मिनिटांत मागच्या गल्लीतल्या एका ताईंचा फोन आला होता. दरवर्षी करतात. "मॅडम, पाणी उंबऱ्याला लागलंय, पंप चालू आहेत ना?" चालू आहेत म्हटलं. तीन चालू होते, म्हणजे खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही.

साहेबांसमोर मी जे बोलले नाही ते इथे लिहिते. मी 1988 साली जन्मले. त्याच वर्षी जून महिन्यात जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली होती की पृथ्वी तापते आहे आणि त्याला माणूस कारण आहे. मी पाच वर्षांची असताना, 1993 मध्ये, मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा ब्रिमस्टोवॅड अहवाल तयार झाला. सतरा वर्षांची असताना 26 जुलै 2005 आली. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर. मी शीवहून घाटकोपरला छातीभर पाण्यातून चालत घरी गेले. एका अनोळखी काकूंनी रात्रभर त्यांच्या जिन्यात बसवून घेतलं, पहाटे निघाले. इंजिनिअरिंगला याच कामासाठी जायचं, हे त्या जिन्यात ठरलं. पुढच्या वर्षी माधवराव चितळे समितीने काय काय करायला हवं ते लिहून दिलं. आठ मोठी उदंचन केंद्रं उभी राहायची होती. सहा झाली. माहुल आणि मोगरा ही दोन जागेच्या वादात अडकली. माझी नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी चौथीत गेली, ती दोन अजून पाणी उपसत नाहीत. जागा मिळवणं, वाद मिटवणं, हे पंप ऑपरेटरच्या हातात नसतं. ते करण्यासाठीच आपण माणसं निवडून देतो.

आणि 'कोणी पाहिला नव्हता' हे तर मला मुळीच पटत नाही. आधी सांगितलेलं होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो, हवा एका अंशामागे साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते एकदम खाली येतं. 13 मार्च 2022 ला खुद्द मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला, त्यातही पुराचा धोका सविस्तर मांडला आहे. पण त्याच्या सहाच दिवस आधी, 7 मार्चला, नगरसेवकांची मुदत संपली होती. पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं आराखडा होता आणि सभागृहात त्यावर प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. पूर्वी आमच्या वॉर्डाचे नगरसेवक अर्धी पँट घालून गुडघाभर पाण्यात उभे असायचे. लोक त्यांना शिव्या घालायचे. पण ते समोर असायचे, आणि संध्याकाळी आम्हाला फोन करून नेमकं काय अडलं ते विचारायचे.

वर दिल्लीत, त्याच्याही वर जगात, हेच चालू आहे. 2024 हे औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं. 2025 च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमला हवामान परिषदेसाठी जगभरचे देश जमले आणि अंतिम मसुद्यात कोळसा-तेलाचं साधं नावही आलं नाही. मी कोळशाच्या विजेवरच पंप चालवते, हे मला माहीत आहे. म्हणूनच मला राग येतो. समुद्र वर चढणार, पाऊस वाढणार, आणि मला दरवर्षी तोच नाला त्याच चार-सहा पंपांनी उपसायला सांगणार.

पावणेदोनला समुद्र नाल्याच्या खाली गेला. गेट उचललं तेव्हा पाणी जो आवाज करत सुटलं, तो ऐकून दोन पोरांपैकी धाकटा खाली बसला आणि रडला. एकोणीस वर्षांचा असेल. काकांनी त्याला चहा पाजला.

पाळी संपल्यावर मी मागच्या गल्लीत गेले. त्या ताई साड्यांना फॉल-बिडिंग करतात. घरात पाणी पोटरीभर आलं होतं, भिंतीवर रेघ दिसत होती. गॅस सिलिंडर खाटेवर, पिठाचा डबा खाटेवर, शिलाई मशीन उचलता आलं नव्हतं. तिची मोटर पाण्यात होती. गिऱ्हाइकांच्या नऊ साड्या दोरीवर पसरल्या होत्या, सगळ्यांच्या काठांना काळी किनार आलेली. त्यांनी एक साडी हातात घेऊन मला विचारलं, "हा डाग निघेल का हो? लग्नातली आहे, बाईंनी विश्वासाने दिलीय." मी साडीचा काठ बोटांनी चोळून बघितला. तेलकट होता. मी त्यांना वीस मिनिटांचं सांगितलं. जाळी का थांबली तेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मशीनखालचं पाणी टिपायला त्यांनी मला एक फडकं दिलं आणि आम्ही दोघी टिपत बसलो.

घरी जायच्या आधी केंद्रावर परत येऊन मी शेवटचा रकाना भरला. 'पंप क्र. 3 ट्रिप, 10.58 ते 11.18. जाळी तुंबली. जाळी सफाई पाहणी दौऱ्यासाठी 10.50 ते 11.01 बंद. कामगार 3, मंजूर 12, ठेका 1 जूनपासून.' ओळ रकान्यात मावली नाही, खालच्या समासात उतरली.

दुसऱ्या दिवशी वरून सांगण्यात आलं की तिथे 'अतिवृष्टी व भरती' एवढं पुरेसं आहे, वरचं खोडून सही करा. मी म्हटलं, अतिवृष्टी आणि भरती तर चारही पंपांना सारखीच होती, बंद एकच पडला. फोनवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी, "तुम्ही बघा," म्हणून ठेवून दिला. मी खोडलं नाही. सप्टेंबरपर्यंत ते पुस्तक टेबलावर होतं, मग दफ्तरात गेलं.

पुस्तक दफ्तरात जायच्या आधी मी त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली होती. यंदा मार्चमध्ये जाळीच्या माणसांसाठी पुन्हा पत्र दिलं आहे, ठेका 10 मेपासून करा म्हणून. त्याला ते पान जोडलं आहे. काकांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, वाकड्या बोटांच्या डाव्या हाताने कागद दाबून धरत. पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी मी स्वतः जाऊन विचारणार आहे.