कालुपूर ते लाल दरवाजा : पायी फिरलेलं जुनं अहमदाबाद

आपल्याकडून अहमदाबादला जाणारे काही कमी नाहीत. कुणी नोकरीच्या कामाने, कुणी लग्नाची खरेदी करायला, कुणी द्वारका-सोमनाथला जाताना वाटेत म्हणून. साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट, वेळ उरलाच तर अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, एवढं झालं की मंडळी पुढच्या गाडीला बसतात. नदीच्या पूर्वेकडचं जुनं शहर राहून जातं. माझं मत विचाराल तर अहमदाबादसाठी एकच दिवस हाताशी असेल, तर तो सगळा याच कोटाच्या आत घालवावा.

सुलतान अहमदशहाने १४११ साली हे शहर वसवलं. कोटाची भिंत आता फारशी उरलेली नाही. दरवाजे मात्र ठिकठिकाणी उभे आहेत आणि त्यांच्या कडेने रिक्षा, बस, हातगाड्या अखंड वाहत असतात. जुलै २०१७मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. भारतातल्या कुठल्याही शहराला तो पहिल्यांदाच मिळत होता. जयपूरचा नंबर त्यानंतर, २०१९मध्ये लागला.

या वेळी ताई बरोबर होती. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तिच्याबरोबर फिरायचं म्हणजे दर दहा पावलांवर थांबायचं. या शहरात फिरायची खरी रीतही तीच आहे. महापालिकेचा हेरिटेज वॉक सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. १९९७पासून तो चालू आहे. रात्रीच्या गाडीने आलात तर स्टेशनवर उतरून सरळ मंदिरात येता येतं, इतकं ते जवळ आहे.

मंदिर १८२२चं, स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं. दगडी देऊळ बघायची आपल्या डोळ्यांना सवय, आणि इथे सगळा खेळ ब्रह्मदेशी सागवानाचा. खांब, कमानी, त्यांना आधार देणाऱ्या मूर्ती, सगळं लाकडात कोरलेलं आणि झगझगीत रंगांत रंगवलेलं. पहिल्यांदा बघताना रंग जरा जास्तच वाटतात. पण पुढे पोळांमधली काळवंडलेली, रंग उडालेली लाकडं बघताना लक्षात येतं की ती सगळीसुद्धा एके काळी अशी ताजी असणार.

मंदिराच्या मागेच लांबेश्वरची पोळ. कवी दलपतराम इथे राहायचे. त्यांचं घर आता नाही, पण घराचा दर्शनी भाग पुन्हा उभारला आहे आणि ओट्यावर दलपतरामांचा पुतळा बसवला आहे. उंच चौथऱ्यावर नाही, तुमच्या-आमच्यासारखा ओट्यावर टेकलेला. शेजारी जाऊन बसता येतं. आम्ही गेलो तेव्हा दोन शाळकरी मुलं त्याला टेकून बुटाच्या नाड्या बांधत होती. कवीचं स्मारक असावं तर असं.

आता पोळ म्हणजे नक्की काय, ते नीट सांगायला हवं. पोळ ही बंदिस्त वस्ती असते. तोंडाशी दरवाजा, दरवाजावर पहारेकऱ्याची खोली, आत एक गल्ली, तिला फुटलेल्या छोट्या गल्ल्या, मध्ये चौक, एखादं देऊळ किंवा देरासर (जैन मंदिर), आणि पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा. बहुतेक पोळी एका जातीच्या, एका धंद्याच्या किंवा एका पंथाच्या लोकांनी वसवल्या. रात्री दरवाजा लावला की बाहेरच्याचा आत शिरकाव नाही. काही ठिकाणी एका पोळीतून दुसरीत निघायला गुप्त वाटाही ठेवल्या आहेत. त्यातल्या एका वाटेने या फेरीत नेतात. वाटतं की आपण कुणाच्या तरी घरात घुसतोय, पण चार पावलं अंधारात गेलो की थेट दुसऱ्याच गल्लीत उजाडतं.

प्रत्येक पोळीच्या तोंडाशी एक काळा फळा असतो. कुणाकडे बैठक आहे, पाणी कधी येणार, वर्गणी कधी गोळा करणार, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं. ताईला त्या फळ्याचं फार कौतुक वाटलं. ही घरं दाखवायला मांडलेली नाहीत, त्यांत माणसं राहतात. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी छज्जे पुढे आलेले, त्यामुळे ऊन फार थोडा वेळ खाली उतरतं. एप्रिल-मे महिन्यात अहमदाबाद कसं तापतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ही अरुंदी कशासाठी ते वेगळं सांगायला नको. भिंती विटांच्या, पण घराचा सांगाडा सागवानी. भूकंपाच्या हादऱ्यात असा सांगाडा लवतो, लगेच ढासळत नाही.

हाजा पटेलच्या पोळीत काळा रामजींचं देऊळ आहे. काळा राम म्हटल्यावर आपल्याला नाशिकच आठवणार. इथला राम मात्र बसलेला आहे, वनवासी रूपात. देऊळ बाहेरून घरासारखंच दिसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागणार नाही.

एका घराच्या ओट्यावर आजीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. ताईने नक्षीदार खांबाला हात लावून विचारलं, "बा, हे किती जुनं?" त्यांनी उत्तर न देता "आवो, अंदर आवो" म्हणून आत बोलावलं. आत शिरलं की आधी उघडा चौक, त्याच्याभोवती खोल्या. आपल्या वाड्याशी ओळख असलेल्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारणच नाही. चौकाच्या एका कोपऱ्यात फरशीत बसवलेलं गोल झाकण होतं. आजींच्या नातवाने ते उचललं आणि आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. खाली टाकं. मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा कुठे खोलवर पाणी चमकलं.

जुन्या अहमदाबादची खरी करामत मला या टाक्यांमध्ये दिसली. गच्चीवर पडणारा पाऊस नळीतून या टाक्यात उतरतो. पहिला पाऊस बाहेर सोडून द्यायचा, गच्ची धुऊन निघाली की मगच पाणी आत घ्यायचं. पाण्यात थोडा चुना टाकायचा. ऊन लागत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि पाणी वर्षभर टिकतं. आजी म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई डाळ याच पाण्यात शिजवायच्या, नळाच्या पाण्यात ती तशी शिजत नाही. नातवाने दोर लावलेला तांब्या सोडून पाणी काढलं आणि आमच्या ओंजळीत घातलं. गार आणि गोड. घरोघरी साठवणीची अशी सोय करून ठेवणारे लोक पाण्याच्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते, यात मला तरी शंका नाही.

पुढे झवेरीवाडातली देरासरं, मग हरकुंवर शेठाणींची हवेली. हिच्या दर्शनी भागातले कोरीव लाकडी टेकू मान वर करून सावकाश बघावेत. हरकुंवर या हठीसिंह शेठांच्या पत्नी. दिल्ली दरवाजाबाहेरचं हठीसिंहांचं पांढऱ्या संगमरवरातलं जैन मंदिर शेठांच्या मागे त्यांनीच पूर्ण करवून घेतलं, १८४८ साली. ते मंदिर या फेरीत येत नाही, वेगळं जाऊन बघावं लागतं. फर्नांडिस पुलाखाली पुस्तकांचा बाजार लागतो. तिथे ताईला बाहेर काढणं हे एक कामच होतं.

माणेकचौकातून जामा मशिदीत शिरलो आणि आवाज एकदम मागे पडला. १४२४ची ही मशीद. आत २६० खांब आहेत. त्यांच्यामधून चालताना प्रत्येक पावलाला नवी रांग उलगडते. मधल्या मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना कोरीवकामाने मढलेले दोन बुंधे दिसतात, ते मिनारांचे राहिलेले भाग. वरचे मिनार १८१९च्या कच्छच्या भूकंपात पडले. खांबांवरची साखळी, घंटा, कमळं बघितली की गुजरातच्या मंदिरांवर काम करणारे हातच इथेही चालले होते, हे कुणी सांगावं लागत नाही. मशिदीच्या पूर्वेला खुद्द अहमदशहाची कबर, बादशाहनो हजीरो. त्याच्या पलीकडे राणीनो हजीरो. राण्यांच्या कबरींभोवती चणिया-चोळी, ओढण्या, ऑक्सिडाइजच्या दागिन्यांची दुकानं अशी खेटून आहेत की नवरात्रीआधी इथे पाय ठेवायला जागा नसते.

आणि मग तीन दरवाजा. हा लेख लिहायला बसले ते खरं तर याच्यासाठी.

भद्रच्या किल्ल्यासमोरच्या शाही मैदानात जायचं हे प्रवेशद्वार, अहमदशहाच्याच काळातलं. तीन कमानी, मधली रुंद. खाली फेरीवाल्यांची इतकी दाटी की वर बघायला कुणाला सवड नसते. इथल्या एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. म्हणतात की रात्री शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला इथल्या कोतवालाने अडवलं, 'बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब' म्हणाला, आणि ती इथेच राहावी म्हणून त्याने स्वतःचा जीव दिला. हा दिवा तिच्या नावाचा. पिढ्यान्‌पिढ्या एक मुसलमान कुटुंब तो सांभाळत आलं आहे.

याच दरवाजात एक शिलालेख आहे आणि तो मराठी माणसाने बघितलाच पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यात रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं. मधली थोडी वर्षं ते हातातून गेलं, १७५८मध्ये परत आलं, आणि इंग्रजांकडे जाईपर्यंत पेशवे आणि गायकवाड यांनी शहराचा कारभार वाटून केला. त्या काळातले सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ साली हा लेख कोरवून घेतला. लिपी देवनागरी. आशय असा, की मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला तिचा वाटा विनाअडथळा द्यावा. जो देणार नाही, तो हिंदू असेल तर त्याने महादेवाला जाब द्यावा आणि मुसलमान असेल तर अल्ला-रसूलला.

ताई चष्मा पुसून, एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचत होती. बाजूच्या पाकीटवाल्याने आपलं लटकवलेलं सामान न सांगता बाजूला घेतलं आणि म्हणाला, "बेन, छोकरी का हक लिखा है." त्याला ठाऊक होतं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती १९९४ची, देशभरात ती झाली २००५मध्ये. आणि १८१२मध्ये एक मराठी सुभेदार हे बाजाराच्या तोंडाशी, येणारा-जाणारा वाचेल अशा जागी कोरून ठेवतो! त्याचा अंमल किती झाला असेल ते असो. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत अटकेपार झेंडे आहेत, तिथे हा दगडही हवा. ताईने तर मनातल्या मनात त्याचा धडाही लिहून टाकला.

तीन दरवाजातून सरळ पुढे भद्रचा किल्ला. आझमखान या मुघल सुभेदाराच्या १६३७च्या वास्तूतच मराठ्यांच्या काळात भद्रकालीचं मंदिर झालं. आजही तिथे रांग असते. समोरचं पटांगण वाहनांना बंद केलं आहे, पण फेरीवाले भरपूर.

तिथून लाल दरवाजाजवळची सिदी सैयद मशीद पायीच. १५७३च्या सुमाराची, म्हणजे गुजरातची सल्तनत अकबराच्या हाती जात होती त्या दिवसांतली. बांधणारा हबशी सरदार. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत असतात, त्यांच्यासारखेच आफ्रिकेतून आलेले लोक गुजरातच्या दरबारातही मोठ्या पदांवर होते. मशीद छोटी, रहदारीच्या मधोमध. पण पश्चिमेच्या भिंतीतल्या त्या जाळ्या! एका अखंड झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत अर्धवर्तुळ भरून टाकतात, आणि हे सगळं दगडात. अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेच्या बोधचिन्हामागे हीच जाळी आहे. दुपार कलल्यावर जा. सूर्य मागे गेला की फांद्या काळ्या होतात, मधलं आकाश पेटतं, आणि दगड जाड आहे हेच डोळे विसरतात.

जवळच लकी रेस्टॉरंट आहे. जुन्या कबरींच्या मध्ये टेबलं मांडलेली, कबरींवर रोज ताजी फुलं, आणि भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र. मस्का बन आणि चहा घ्यावा. रात्री पुन्हा माणेकचौक. दिवसा सराफांचा बाजार, रात्री तिथेच खाण्याच्या गाड्या. घूघरा सँडविच चांगलं होतं, चॉकलेट सँडविचच्या वाटेला आम्ही गेलो नाही.

सगळंच आलबेल आहे असं नाही. तरुण माणसं नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये गेली आहेत. पोळीतल्या कितीतरी घरांना कुलूप आहे, काहींची गोदामं झाली आहेत. वारसा यादीतल्या घरांना टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क, विकून दुरुस्तीसाठी पैसा उभा करता येतो, काही हवेल्यांमध्ये राहायची सोयही झाली आहे. पुण्याच्या पेठांमध्ये असा विचार वेळेवर झाला असता तर कसब्यात, सदाशिवात किती वाडे आज नांदते राहिले असते, यावर परतीच्या गाडीत आम्ही वलसाडपर्यंत बोलत होतो. विश्रामबागवाडा आपण जपला, ते चांगलंच केलं. पण माणसं राहत असलेला वाडा जपणं हे वेगळं काम आहे, आणि ते मालकाच्या एकट्याच्या खिशातून होत नाही.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. आरामाचे बूट घाला. देरासरात कातड्याच्या वस्तू नेऊ नका, मशिदीत डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवा, आणि शुक्रवारी नमाजाची वेळ टाळा. उत्तरायणला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, पोळीतल्या गच्च्या पतंगांसाठी भाड्याने मिळतात. उंधियू-जिलबीसकट. त्यासाठी मात्र बरंच आधी बोलून ठेवावं लागतं. आजींच्या नातवाचा नंबर ताईने घेऊन ठेवला आहे.