जाताना पाव, येताना पाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा असा मेसेज माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पडला आणि लगेच सगळ्यांनी गॅदरिंग, कबड्डीची टीम, प्रार्थनेची पेटी, मागच्या ग्राउंडवरचं चिंचेचं झाड असं काय काय सुचवायला सुरुवात केली. ते सगळं मलाही आठवतं, पण शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस उभा राहतो, आपले भिंगसर. नाव लिहीत नाही कारण त्यांना ते अजिबात आवडायचं नाही, आणि गरजही नाही, आपल्या शाळेत आणि नंतर ज्युनिअर कॉलेजला जो फिजिक्स शिकला त्याला भिंगसर म्हटलं की पुरे.

मी बारावीला होतो १९९५-९६ ला. आजही बारावीच्या पुस्तकात पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाची लाट कुठल्या दिशेने थरथरते ते, येतं ते मॅलसचा नियम आणि ब्रूस्टरचा कोन, गणितं सोडवायची आणि पुढे जायचं. सर्क्युलर पोलरायझेशन, म्हणजे ती थरथर गोल फिरत पुढे जाणं, बोर्डाला कोण विचारतंय, तेव्हाही कोणी विचारत नव्हतं. पण सरांचं असं होतं की धडा संपला की त्यांचा तास सुरू व्हायचा. जी गोष्ट परीक्षेला नाही ती तर नीटच दाखवली पाहिजे, ती परत कोण दाखवणार तुम्हाला, असं ते म्हणायचे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्याला थांबायचंय त्याने लॅबमध्ये थांबा.

असाच एक शनिवार, लाइट गेलेली, लॅबच्या खिडकीतून येणारा उजेड तेवढा. सरांनी आदल्या दिवशी नारायणगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून जुन्या इस्त्रीचा अभ्रक आणला होता, कॉइलच्या वर-खाली असतो तो. आणि एक बंद पडलेला कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटरचा डिस्प्ले उघडून त्याच्या काचेवरची पुढची फिल्म ब्लेडने हळूच सोडवली, मागची घ्यायची नाही, तिला चंदेरी थर चिकटलेला असतो. मग स्पिरिटच्या बोळ्याने डिंक पुसून काढला. झालं पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पलीकडे सोडणारी फिल्म. एवढासा तुकडा, बोटाच्या पेराएवढा रुंद, पण आम्हाला तो सोन्यासारखा होता कारण पोलरॉइड ही वस्तू आम्ही तोपर्यंत फक्त आकृतीत पाहिलेली.

पण त्याआधी सरांनी आम्हाला व्हरांड्यात नेलं. तिथे गवंड्याचा ओळंबा लांब दोरीने वाशाला टांगलेला. सर म्हणाले, बघा, हा फक्त पूर्व-पश्चिम हलतोय, ही सरळ लाट. आता मी याला उत्तरेकडे टिचकी मारणार, कधी मारू? कोणीतरी म्हणालं मधून जाताना. त्यांनी मधून जाताना मारली, ओळंबा तिरक्या रेषेत हलायला लागला, पण रेषाच. मग परत सरळ केला आणि या वेळी टोकाला पोचून क्षणभर थांबतो ना, बरोबर तिथे बाजूला टिचकी दिली, आणि तो ओळंबा गोल फिरायला लागला! टिचकीचा जोर जमला तर स्वच्छ वर्तुळ, कमी-जास्त झाला तर लंबगोल. सर म्हणाले, दोन्ही वेळी हालचाली त्याच दोन, एक पूर्व-पश्चिम आणि एक दक्षिण-उत्तर, फरक एवढाच की दुसरी पाव फेरीने मागे राहिली. प्रकाशाचंही एवढंच आहे. त्यानंतर आम्ही प्रत्येकाने टिचक्या मारून बघितल्या, शिपाई काकांनीसुद्धा मारली, आणि काकांचं वर्तुळ सगळ्यात छान आलं.

आता प्रश्न, प्रकाशाला टिचकी कोण मारणार? तर अभ्रक. अभ्रकाच्या पापुद्र्यात दोन दिशा अशा असतात की एका दिशेने थरथरणारा प्रकाश जरा लवकर पलीकडे जातो आणि काटकोनातल्या दिशेचा जरा उशिरा. पापुद्रा बरोबर जाडीचा असला तर तो उशीर पाव लाटेएवढा होतो. ही जाडी साधारण ०.०३ मिलीमीटर, आणि सर ती मोजत नव्हते, ते ती सोलत होते. अभ्रकाच्या कडेला सुई टोचायची, पाण्याचा एक थेंब सोडायचा, थेंब आत शिरला की पापुद्रा आपोआप सुटायला लागतो, मग नखाने हळूच उचलायचा. दोन पोलरॉइड आडवे-उभे धरले की अंधार, त्यात मधे जाड अभ्रक तिरका सरकवला की पिवळे, गुलाबी, निळे रंग दिसायचे, आणि सर एकेक पापुद्रा काढत गेले तसे रंग जात जात शेवटी नुसता राखाडी-पांढरा उजेड उरला. तिथे ते थांबले. वरचा पोलरॉइड गोल फिरवला. उजेड कमीही होईना आणि जास्तही होईना. म्हणाले, बसला.

आम्हाला वाटलं यात काय विशेष, खिडकीच्या साध्या उजेडापुढेही पोलरॉइड फिरवला तरी काही होत नाही. सरांना हाच प्रश्न पाहिजे होता. त्यांनी दुसरा तसाच पापुद्रा काढला, तो वरच्या पोलरॉइडच्या आधी धरला आणि मग पोलरॉइड फिरवला, तर एका जागी मिट्ट अंधार. खिडकीच्या साध्या उजेडाला तेच केलं तर काहीच नाही. म्हणजे साधा उजेड हा सगळ्या दिशांचा गोंधळ, आणि हा दुसरा एकदम शिस्तीत फिरणारा, पण एकट्या पोलरॉइडला दोघांतला फरक कळत नाही. मला आजही वाटतं की त्या दहा मिनिटांत जे कळलं ते पुढे इंजिनिअरिंगच्या एका अख्ख्या सेमिस्टरमध्ये कोणी सांगितलं नाही.

आणि मग नाणं. स्टीलचा एक रुपया टेबलावर ठेवला. पोलरॉइड आणि अभ्रक एकमेकांवर तिरके, पंचेचाळीस अंशाला, चिकटपट्टीने कडेला चिकटवलेले. अभ्रकाची बाजू वर करून नाण्यावर ठेवलं तर नाणं दिसतंय, चकचकीत. तोच तुकडा उलटा केला, अभ्रक खाली नाण्याकडे, तर नाणं काळं पडलं. अगदी काळं नाही, गडद जांभळट. पालथं केलं की काळं, उलथं केलं की लख्ख. आम्ही सगळे टेबलावर ओणवे, कोणाची सावली पडते म्हणून ढकलाढकली, आणि सर खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "जाताना पाव, येताना पाव, मिळून अर्धा. अर्ध्यात काटकोन फिरतो."

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी लिहितो. खाली जाताना प्रकाश पोलरॉइडमधून सरळ होतो, अभ्रकात पाव लाट मागेपुढे होऊन गोल फिरायला लागतो, नाण्यावर आपटून परत फिरतो. आता फिरण्याची दिशा खोलीच्या हिशोबाने तीच राहिली पण प्रवास उलटा झाला, म्हणून उजवा होता तो डावा झाला. परत अभ्रकातून वर येताना अजून पाव लाट, एकूण अर्धी, आणि बाहेर येतो तेव्हा तो परत सरळ असतो पण पहिल्याच्या काटकोनात, मग पोलरॉइड त्याला सोडतच नाही. जांभळट का, तर पापुद्रा मधल्या पिवळ्या-हिरव्या रंगाला बरोबर पाव आहे, लाल आणि निळ्याला थोडा चुकतो, तेवढे थोडे निसटतात.

त्याच दिवशी सरांनी फ्रेनेलचं सांगितलं. हा माणूस कुठल्या कॉलेजचा प्रोफेसर नव्हता, फ्रान्समधला रस्ते बांधणारा सरकारी इंजिनिअर, तब्येत कायम नाजूक, १८२७ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला, आणि त्याआधी १८२२ च्या सुमारास त्याने वर्तुळाकार ध्रुवण, म्हणजे हेच सर्क्युलर पोलरायझेशन, असं काही असतं हे मांडून दाखवलं होतं. आणि आपल्याकडचे पंचरत्नम्, सर सी. व्ही. रामन यांचे भाचे, बंगळूरला अशाच स्फटिकांच्या पापुद्र्यांवर काम करत होते, १९५६ मध्ये बाविशीत त्यांनी ध्रुवणावर जो पेपर लिहिला त्याचं मोल जगाला १९८४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरींच्या कामानंतर नीट कळलं, तोवर पंचरत्नम् जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पस्तिसाव्या वर्षी गेले ते. हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा. सर फळ्यावर नुसती नावं लिहीत नव्हते, ती माणसं त्यांच्या ओळखीची असल्यासारखी सांगायचे.

खोडदची ट्रिपही याच वर्षीची. आपल्या तालुक्यात आकाशातल्या रेडिओ लाटा टिपणारी जगातली एवढी मोठी दुर्बीण, पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश, आणि आम्ही तिला लहानपणापासून नुसतं "त्या छत्र्या" म्हणायचो. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं की डिशच्या डोक्यावर फिरता ठोकळा आहे, त्यावर वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे फीड, म्हणजे लाट पकडणारे छोटे अँटेना, बसवलेत, आणि बहुतेक फ्रीक्वेन्सींना आकाशातून येणारी लाट उजवी फिरणारी आणि डावी फिरणारी अशी वेगळी करून घेतात. सरांनी तिथेच विचारलं, म्हणजे तुमचाही अभ्रक आहे तर! साहेब आधी गोंधळले, मग सरांनी खिशातून तो चिकटपट्टीवाला तुकडा आणि एक रुपया काढला आणि त्या साहेबांनाच डेमो दिला. साहेबांनी हसून आम्हाला आत नेऊन सर्किट दाखवलं, म्हणाले हे बघा, इथे एका वायरला पाव सायकलचा उशीर देतो, हाच आमचा अभ्रक. सरांचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही.

आता माझं सांगतो. मी पुण्यात एका कंपनीत अँटेना डिझाइनमध्ये आहे, बरीच वर्षं झाली. आमचं काम जीपीएस आणि नाविक, म्हणजे आपल्या भारताचं जीपीएस, यांचे अँटेना, जमीन मोजणीच्या रोव्हर नावाच्या यंत्रामध्ये, ट्रॅक्टरमध्ये, गाड्यांमध्ये बसतात ते. वीस हजार किलोमीटरवरून जीपीएसचा सिग्नल येतो तो मुद्दाम उजवा वर्तुळाकार पाठवलेला असतो, त्यामुळे रिसिव्हर कसाही वळला तरी चालतं. आणि दुसरा फायदा म्हणजे तो बिल्डिंगवर किंवा ओल्या जमिनीवर आपटून आला की बराचसा डावा होऊन येतो, आणि चांगला उजवा अँटेना डाव्याला आत घेत नाही, म्हणजे खोट्या वाटेने आलेला सिग्नल दारातच अडतो. हे तेच नाणं आहे हो! चौकोनी सिरॅमिकवरच्या पत्र्याचे समोरासमोरचे दोन कोपरे किंचित छाटायचे, की आडवी आणि उभी लाट पाव सायकलने मागेपुढे होतात. नवीन पोरं जॉइन झाली की मी त्यांना सॉफ्टवेअर उघडायच्या आधी नाणं आणि फिल्म देतो, आणि सरांचं वाक्य सांगतो. आमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणाला भिंगसर माहीत नाहीत पण जाताना पाव येताना पाव सगळ्यांना पाठ आहे.

सर रिटायर झाल्यावर मी त्यांच्याकडे जायचो. एकदा थ्रीडी सिनेमाचा चष्मा नेला होता, सर्क्युलरवाला. ऑनलाइन विकत मिळतो. सरांनी तो घातला, आरशासमोर उभे राहिले, एक डोळा मिटला, आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. जो डोळा उघडा त्याचीच काच आरशात काळी दिसते, मिटलेल्या डोळ्याची मात्र साफ. मग वळून म्हणाले, "अरे, हा अभ्रकच आहे की." साध्या सरळ पोलरॉइडच्या थ्रीडी चष्म्याने बरोबर याच्या उलट होतं, हेही त्यांनी लगेच तिथल्या तिथे सांगितलं, कागद न घेता. आणि मान तिरकी केली तरी सर्क्युलर चष्म्यात डबल चित्र का दिसत नाही तेही. वय ऐंशीच्या पुढे. काकू आतून म्हणाल्या, चहा गार होतोय, तर सर म्हणाले थांब, आधी हा चष्मा घाल आणि इकडे ये.

मधे शाळेत गेलो होतो. नवीन बिल्डिंग छान झालीय, स्मार्टबोर्ड आहेत, ते चांगलंच आहे. पण लॅबला कुलूप होतं, आणि पोलरायझेशनचा व्हिडिओ लावतात त्यात एक लाल बाण गोल गोल फिरत पुढे जातो. मी नववी-दहावीच्या चार पोरांशी बोललो तर त्यांना खरंच वाटत होतं की प्रकाशात असा बाण असतो. पोरांचा काही दोष नाही, हुशार आहेत, त्यांच्या हातात कोणी काही दिलेलंच नाही. याचं मला फार वाईट वाटलं. ओळंबा, इस्त्रीचा अभ्रक, बिघडलेला कॅल्क्युलेटर, यातली कुठली गोष्ट महाग आहे? आणि आता तर त्याहून सोपं झालंय, लॅपटॉपचा स्क्रीन हाच पोलरॉइड, त्यावर पांढरं पान उघडायचं, समोर चिकटपट्टीचे थर लावलेली काच धरायची आणि पोलरॉइडच्या गॉगलमधून बघायचं, रंगच रंग.

म्हणून मी मुख्याध्यापकांशी बोललोय. पोलरॉइडच्या शीट आणि तयार क्वार्टर वेव्ह, म्हणजे पाव लाटेच्या, फिल्म एका वर्गाला पुरतील एवढ्या मी देतोय, थ्रीडी चष्मेही. लॅबची चावी शनिवारी शाळा सुटल्यावर मिळेल असं त्यांनी कबूल केलंय. महोत्सवाच्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी लॅबमध्ये आहे, माजी विद्यार्थ्यांनी आपापली पोरं घेऊन या. घरात बंद पडलेले कॅल्क्युलेटर, डिजिटल घड्याळं असतील तर फेकू नका, घेऊन या, पुढची फिल्म कशी काढायची ते दाखवतो. जुनी इस्त्री कोणाकडे असेल तर तीही आणा, तयार फिल्म असली तरी पापुद्रा सोलायला पोरांना शिकवायचंय. आणि व्हरांड्याच्या वाशाला अजून ती खुंटी आहे, मी बघून आलोय, फक्त ओळंबा कोणीतरी आणा, जड असलेला, हलका नीट फिरत नाही.