खिडकीतली माती

पावसाविना तिसरं वर्ष चाललं होतं. मी माती तपासणीच्या कामावर होते. त्या दिवशी अकरा शेतांतले नमुने घ्यायचे होते, पण चौथ्या शेतातच दिवस संपला.

शेत बोडकं होतं, एक धसकटसुद्धा नाही. मी म्हणाले, "दादा, धसकटं तरी राहू द्यायची. वीतभर उभी असली तरी जमिनीलगतचा वारा मंदावतो."

ते शांतपणे म्हणाले, "आणि गुरांनी काय खायचं, मॅडम?"

आधी साठवलेला चारा संपला, मग धसकटं उपटून त्यांनी जनावरांपुढे टाकली होती. मी वहीत 'आच्छादन नाही' असं लिहिलं. त्या रकान्यात कारण लिहायला जागा नसते. ती असायला हवी, असं मला अजून वाटतं.

दुपारी वारा सुटला. आधी घोट्याच्या उंचीवर काहीतरी सळसळत पळताना दिसलं आणि पायांना टोचायला लागलं. साधारण 0.1 ते 0.5 मिलिमीटरचे हे कण फार उंच जात नाहीत. उड्या मारत पुढे जातात आणि जिथे आपटतात तिथली त्याहून बारीक माती सुटी करून वर उडवतात. ती बारीक माती मात्र वाऱ्यावर चढली की चढली. शेताच्या एका कडेला अगदी थोडंसं सुरू झालेलं हे प्रकरण दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत कितीतरी पटींनी वाढतं. मी हे शिकले होते, शिकवलंही होतं. त्या दिवशी डोळ्यांसमोर पाहिलं.

आम्ही घराकडे धावलो. आत शिरेपर्यंत सूर्य तांबूस ठिपक्याएवढा झाला आणि मग तोही दिसेना. दाराच्या फटीत कोंबायला वहिनींनी जुनं लुगडं फाडलं. ते ओलं करायला हवं होतं. घरात एकच हंडा भरलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कोणी काही बोललं नाही, आणि वहिनींनी तांब्या बुडवला. गोठ्यातून वासराच्या खोकल्याचा आवाज येत होता.

अंधारात मला आठवत होती ती एक तारीख. 14 एप्रिल 1935. अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवर नांगर फिरला होता, पाठोपाठ दुष्काळ आला आणि त्या दिवशी तिथेही भरदिवसा काळोख झाला. 27 एप्रिलला तिथे मृदासंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ त्यासाठी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडत होता. माती उडून गेल्यावर ऐकलं गेलं, याचा मला त्या खोलीत बसून फार राग आला.

दोन तासांनी वारा पडला. दादा शेताकडे बघून म्हणाले, "आहे तसंच दिसतंय." तेच तर वाईट. हेक्टरभर जमिनीवरून एक मिलिमीटरचा थर गेला तर दहा घनमीटर, म्हणजे तेरा टनांच्या आसपास माती जाते, आणि बांधावरून बघणाऱ्याला काही कळत नाही. शिवाय वारा निवडून नेतो. जाडी रेती मागे ठेवतो आणि सेंद्रिय अंश, खतं धरून ठेवणारी बारीक माती उचलतो.

मी त्यांना वाऱ्याला आडवी खोल नांगरट करून ढेकळं वर आणायला सांगितलं. उघड्या पडलेल्या रानावर तातडीने करण्यासारखं तेवढंच असतं. रेताड जागी ढेकूळ टिकत नाही, हेही सांगितलं. "बैलांत जोर राहिलाय का बघतो," म्हणाले.

निघताना वहिनींनी खिडकीच्या फळीवरची धूळ बोटाने कागदावर ओढली आणि पुडी माझ्या हातात दिली. "हीपण तपासा." काळपट, पिठासारखी मऊ. चिमटीत धरली तर कण जाणवत नव्हता. सकाळी शेतातून घेतलेली माती मात्र बोटांना खरखरत होती. पुढे तपासणीत या पुडीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय अंशातला कार्बन, शेतातल्या नमुन्यापेक्षा स्पष्ट जास्त निघाला.

पाकिटावर नमुन्याचं ठिकाण लिहावं लागतं. मी पेन काढून थांबले. "काय लिहू वहिनी, घर?"

"आमचंच शेत आहे ते," त्या म्हणाल्या. मी तसंच लिहिलं.